दोन खुर्च्या आणि एक झिरा

आमच्या गावात मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी कुणाच्या घरी जाऊ नये. दाराला कडी असते आणि अख्खं गाव वैनगंगेत बसलेलं असतं. काठावर नव्हे, नदीत. घोटाभर पाण्यात खुर्ची रोवायची, साडी किंवा पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायची, पाय पाण्यात सोडायचे आणि सूर्य बुडेपर्यंत हलायचं नाही, हा आमच्याकडचा उन्हाळा. लग्न होऊन मी चंद्रपूरहून इथे आले, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या हातात एक स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "चाल." मला वाटलं कुणाकडे कार्यक्रम आहे आणि बसायला कमी पडतंय. म्हणून मी चांगली साडी नेसले. ती त्या दिवशी जी भिजली, ती पुढे पोतेरं होऊनच संपली.

चंद्रपूरच्या उन्हाची मला सवय होती, पण उन्हाळ्याची मजा असते हे मला इथे येऊन कळलं. त्या पहिल्या संध्याकाळी मी नुसती बघत राहिले. डॉक्टर बनियनवर बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला जीभ काढायला लावत होते. पलीकडे एका सोयरिकीची बोलणी चालली होती आणि मुलगी खरोखर पाण्यातून चालत चहाचा ट्रे घेऊन आली. बर्फाचा गोला विकणारा हातगाडीसकट प्रवाहात शिरला होता. जंगलाकडच्या बाया टोपल्यांत टेंभरं आणि चारं ही रानफळं घेऊन खुर्च्यांच्या रांगांतून फिरत होत्या आणि पळसाच्या पानावर मूठभर चारं देऊन पुढे जात होत्या. कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटत होतं ते एकट्या मला, आणि माझ्या साडीकडे बघून बाकीच्यांना.

नदीत प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. तिचा सातबारा नाही, तरी ती सातबाऱ्याहून पक्की आहे. आमची जागा पुलापासून खाली, एका काळ्या खडकाच्या समोर. चाळीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी आणि समोरच्या घरातल्या मावशींनी मिळून ती निवडली होती. दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आल्या, एकीच्या चुलीचा विस्तव दुसरीच्या चुलीत जायचा, आणि दोघींच्या खुर्च्या नदीत शेजारी शेजारी असायच्या. मी मावशी म्हणते ते त्याच नात्यानं. रक्ताचं काही नाही.

मग माझ्या नणंदेचं लग्न झालं आणि त्यात वड्या निघाल्या.

लाखोळीच्या डाळीच्या वड्या आमच्याकडे उन्हाळ्यात घालतात. डाळ भिजवायची, वाटायची, कपड्यावर वड्या टाकायच्या, कडकडीत वाळवायच्या आणि मग वर्षभर रश्श्यात टाकायच्या नाहीतर तळून खायच्या. सासूबाईंच्या वड्यांचं नाव होतं. लग्नाच्या पंगतीत, नवरदेवाकडची सगळी मंडळी बसलेली असताना, मावशींनी वडी तोंडात टाकली, चावली आणि मोकळ्या मनानं म्हणाल्या, "वड्या झकास हायेत वं, पण जराशी रेती लागून राह्यली."

सासूबाई म्हणाल्या, "तुया दातातच रेती असन."

संपलं. चौदा वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी त्या चौदा वर्षांत मी कुणालाच सांगितली नव्हती. रेती होती. त्या वड्या घराच्या धाब्यावर मी वाळत घातल्या होत्या. दुपारी माझा डोळा लागला, वावटळ येऊन गेली, आणि उठून बघते तर कपड्यावर वड्या आणि रेती यांचा संसार एकत्र झालेला. मी फुंकलं, झटकलं, पुसलं आणि डब्यात भरलं. नदीकाठच्या गावात रेती कशात नसते? ती अंथरुणात असते, कणकेत असते, कानात असते. मला वाटलं, खपून जाईल. पंगतीत मीच वाढत होते. ते वाक्य कानावर पडलं तेव्हा माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. नव्या सुनेला तेवढी हिंमत नसते, आणि जुनी सून झाल्यावर सांगायचं तर इतकी वर्षं गप्प का होतीस याचं उत्तर द्यावं लागतं.

अबोला झाला, पण नदीतली जागा कुणी सोडेना. सोडणारी हरली असती. त्यामुळे दोघी रोज संध्याकाळी शेजारी शेजारी बसायच्या, समोर बघायच्या आणि मध्ये स्टुलावर मला बसवायच्या. मला दुसरं काम नव्हतं. "सांग तिले," असं सासूबाई म्हणायच्या की मी मान उजवीकडे वळवायची. "सांग तिले," असं मावशी म्हणायच्या की डावीकडे. दोघींमध्ये हातभराचं अंतर, दोघींचे कान तिखट. तरी मी सांगितल्याशिवाय एकीचं दुसरीला ऐकू आलं असं धरत नसत.

एकदा सासूबाई म्हणाल्या, "सांग तिले, तिच्या पायापाशी खेकडा हाये."

मी वळले. "मावशी, तुमच्या पायापाशी..."

मावशी किंचाळल्या. मग पाय चोळत म्हणाल्या, "सांग तिले, आता सांगून काय फायदा."

माझ्या नवऱ्याचं काम वेगळं होतं. मावशींचे यजमान गेलेले, मुलगा नोकरीला दूर, कोकणात समुद्रकाठच्या एका लहानशा शहरात, बंदरावर. त्यामुळे मावशींची खुर्ची नदीपर्यंत न्यायला घरात माणूस नव्हता. अबोला बायकांचा, खुर्चीचा नव्हे, असं म्हणून माझा नवरा दोन्ही लोखंडी खुर्च्या दोन खांद्यांवर घेऊन पुढे चालायचा. मागे सासूबाई, त्यांच्या मागे दहा पावलांवर मावशी, आणि सगळ्यात शेवटी स्टूल घेऊन मी. अशी आमची वरात चौदा उन्हाळे निघाली.

आणि गेल्या वर्षी मावशींचा मुलगा महिनाभराची रजा काढून आला. घर आवरायला आला होता. आई एकटी राहते हे त्याला सोसत नव्हतं, आणि मृग लागला की तो तिला कायमची घेऊन जाणार होता.

ही बातमी मला माझ्या नवऱ्यानं सांगितली. सासूबाईंना मी सांगितली. त्या तेव्हा डाळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. सूप पूर्ण निवडून झालं, तरी बोटं फिरत होती. मग म्हणाल्या, "समुद्रात खुर्ची ठेवता येत नाई. लाट येते अन् घेऊन जाते. मी टीव्हीवर पाह्यलं."

मी म्हटलं, "आई, बोलून घ्या आता त्यांच्याशी. किती दिवस राहिले?"

"बोलतो ना मी. मले बोलाचंच हाये. पण आधी तिनं बोलाव."

"आणि नाही बोलल्या तर?"

त्यांनी सूप माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या. मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की ते सूप भिंतीवर आपटावंसं वाटलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की हे सगळं माझ्याच दुपारच्या झोपेचं पीक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वड्या तळल्या. नव्या, यंदाच्या. त्या लग्नानंतर सासूबाई वड्यांच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवत नसत. डाळ पाच पाण्यांनी धुवायची, वड्यांवर पातळ साडी ताणून बांधायची आणि स्वतः काठी घेऊन दिवसभर पहाऱ्याला बसायचं. चौदा वर्षं असल्या निर्मळ वड्या केल्या, पण ज्या बाईनं खाऊन सांगायला हवं होतं तिला एकदाही दिल्या नव्हत्या. आता त्यांनी वड्या स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं आणि संध्याकाळी डबा नदीवर घेऊन आपल्या खुर्चीखाली ठेवला. मावशी बोलल्या की डबा उघडायचा, असा बेत. मावशी बोलल्या नाहीत. डबा परत आला. त्या वड्या आम्ही जेवणात खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी नव्या तळल्या, त्याही परत आल्या. हे रोज चाललं. आठवडाभरात माझ्या नवऱ्यानं वडीकडे बघायचंही सोडून दिलं.

त्यातच नदीनं आणखी एक घोळ घातला. आदल्या पावसाळ्यात पुरानं रेती इकडची तिकडे केली होती आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं तसा प्रवाह आमचा काठ सोडून पार पलीकडच्या काठाला लागला. काळा खडक जागच्या जागी, आणि समोर सगळी कोरडी रेती. पाणी चारशे पावलांवर. गावानं काय केलं? खुर्च्या उचलल्या आणि चारशे पावलं चालून गेलं. कोण कुणाच्या शेजारी हे तसंच ठेवून सगळी वसाहत पलीकडे हलली. गोलेवालाही हलला.

आमच्या दोघी हलल्या नाहीत.

"आपली जागा इथी हाये," सासूबाई म्हणाल्या.

"आई, इथे पाणी नाही."

"जागा हाये ना?"

मावशींचा मुलगाही त्याच्या आईला तेच समजावत होता. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती उठली की मी उठतो. सांग तिले."

मी सांगितलं. उत्तर आलं, "सांग तिले, मी म्हातारी झाली, आंधळी नाई झाली. आधी तिनं उठाव."

अशा रीतीनं भर नदीच्या मधोमध, तापलेल्या रेतीवर, दोन म्हाताऱ्या लोखंडी खुर्च्यांवर बसल्या, आणि लांब पाण्यात बसलेलं सगळं गाव मान वळवून आमच्याकडे बघू लागलं. रेती इतकी तापलेली की पाय टेकवत नव्हते. दोघी पाय अधांतरी धरून बसल्या. थोड्या वेळानं मांड्या भरून आल्या, तेव्हा सासूबाईंनी एक पाय खाली टेकवला आणि तोंडातून आवाज निघू दिला नाही.

माझ्या नवऱ्यानं हंडा घेतला आणि चारशे पावलं जाऊन पाणी आणून त्यांच्या पायावर ओतलं. ते रेतीनं पिऊन टाकलं. ते बघून मावशींचा मुलगा गेला आणि बादली घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडून प्लास्टिकचा टब गेला. पाणी भरलं, सासूबाईंनी पाय ठेवले. तिसऱ्या दिवशी मावशींचा टब आला, आमच्याहून मोठा. बघता बघता आमच्याकडून मोठी छत्री आली आणि त्यांच्याकडून बॅटरीवरचा पंखा. माझा नवरा आणि मावशींचा मुलगा शाळेपासूनचे दोस्त. दोघं एकत्र हंडे घेऊन जायचे, गप्पा मारत परत यायचे आणि आपापल्या आईच्या टबात पाणी ओतायचे. येताना दोघं मिळून बर्फाचा गोला खायचे. त्यांची मजा चालली होती. माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब: मृगाला आठ दिवस. मग सात.

तिकडे नदीत आमच्यावर चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे दोघींनी नवस केला आहे, तर कुणी म्हणे डॉक्टरांनी रेतीचा शेक सांगितला आहे. पलीकडच्या घरच्या तीन वयस्कर बायका एक दिवस चालत आमच्याकडे आल्या आणि गुडघेदुखीला फरक पडतो का म्हणून विचारू लागल्या. मी काय सांगणार? फरक पडतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी रेतीत आणखी तीन खुर्च्या होत्या.

शेवटी तोड काढली ती वाडीवाल्या भाऊंनी. हे भाऊ नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी लावतात, चार महिने तिथेच झोपडी करून राहतात. आमचे दोघं हंडे वाहताना त्यांच्या वेलांवरून येजा करायचे, आणि वेल तुडवले जायचे. भाऊ वैतागून म्हणाले, "काऊन पाणी वाहून राह्यले गा? झिरा खणा ना. हातभर खाली पाणीच पाणी हाये."

झिरा म्हणजे रेतीत खणलेला खड्डा. खणला की तळाशी पाणी झिरपून येतं, थंडगार. हे गावातल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी पंधरा दिवस आम्ही हंडे वाहत होतो. मृगाला तेव्हा दोन दिवस उरले होते.

माझ्या नवऱ्यानं सासूबाईंच्या पायाशी झिरा खणला. मावशींच्या मुलानं मावशींच्या पायाशी. वाडीवाले भाऊ जाता जाता म्हणाले, "जवळ जवळ दोन नका खणू जी. खाली पाणी एकच हाये."

कोण ऐकतो? दोन्ही झिऱ्यांत पाणी आलं. दोघींनी पाय सोडले. कितीतरी दिवसांनी सासूबाईंच्या तोंडून "आहाहा" निघालं. मावशींच्याही निघालं, पण दोघींनी ते लगेच खोकल्यात घातलं. दोन झिऱ्यांच्या मध्ये रेतीची एक अरुंद भिंत राहिली होती, आणि त्या भिंतीवर, नेहमीप्रमाणे, माझं स्टूल.

मग सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "तिच्या झिऱ्यात पाणी जास्त दिसून राह्यलं."

माझ्या नवऱ्यानं आमचा झिरा आणखी खोल केला. आमचा खोल झाला तसं तिकडचं पाणी उतरलं. मावशींच्या मुलानं त्यांचा खोल केला, तर आमचं उतरलं. दोघं हसत हसत खणत सुटले. मी म्हणत होते की बस करा, भिंत हलतेय, माझं स्टूल हलतंय. घरातल्या बाईचं बोलणं अशा वेळी कुणाच्या कानापर्यंत पोचत नाही. स्टुलाचा एक पाय खचला, मग दुसरा, आणि भिंतीसकट मी खाली.

पडल्यावर पहिल्यांदा मला गारवा लागला, आणि खोटं का बोलू, तो बरा वाटला. मी कमरेपर्यंत पाण्यात बसले होते. आजूबाजूला दोन झिरे नव्हते, एकच मोठा झिरा होता. रेती आतल्या बाजूला ढासळल्यामुळे दोन्ही खुर्च्यांचे पुढचे पाय खचले होते आणि खुर्च्या एकमेकींकडे वळल्या होत्या. माझ्या डोक्यावरून दोघींचे गुडघे जवळजवळ टेकले होते. चौदा वर्षं समोर नदीकडे बघणाऱ्या दोघी आता एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण दुसरीकडे बघायला मानच वळत नव्हती. आणि सासूबाईंच्या खुर्चीखालचा डबा घसरून पाण्यात आला होता, तरंगत तरंगत माझ्या पोटाला लागून पलीकडे गेला आणि मावशींच्या पायाशी थांबला.

आमचे दोघं फावडी टाकून उभे. रेतीवरच्या त्या तीन गुडघेदुखीवाल्या बायकाही उभ्या राहिल्या.

मावशींनी वाकून डबा उचलला. त्यांना तो चांगला ओळखीचा होता, महिनाभर खुर्चीखाली बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सांग तिले" म्हणाल्या नाहीत. झाकण उघडलं, एक वडी घेतली आणि तोंडात टाकली.

सासूबाई त्यांच्या जबड्याकडे बघत राहिल्या.

मावशींनी चावलं. आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं: कच्च.

मावशी चावत राहिल्या, गिळलं, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत बघून सरळ म्हणाल्या, "नाई लागत."

चौदा वर्षांतला तो पहिला शब्द.  सासूबाईंनी हात पुढे करून डब्यातली एक वडी घेतली, तोंडात टाकली, चावली आणि थांबल्या. मग बोटानं जिभेवरचं काहीतरी काढून बघितलं.

"काऊन खोटं बोलून राह्यली वं?" त्या म्हणाल्या. "रेती हाये."

ती रेती वडीतली होती की मावशींच्या ओल्या हाताची, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. आम्ही नदीच्या पोटात बसलो होतो, माझ्या केसांत रेती होती. पण मला राहवलं नाही. खाली पाण्यात बसल्या बसल्या मी बोलून गेले, "आई, तेव्हाही होती. लग्नातल्या वड्यांत. माझा डोळा लागला होता, वावटळ आली, मी झटकून भरल्या."

 दोघी हळूच खाली माझ्याकडे बघू लागल्या.

"म्हणजे तुले मालूम होतं?" सासूबाई.

"अन् चौदा वर्सं मधात बसून राह्यली?" मावशी.

"तोंड नव्हतं का हिले?"

"नाई ना! 'सांग तिले' म्हटलं का पटपट सांगत होती, अन् हे नाई सांगितलं!"

"पाह्य ना! मले तर पयल्यापासूनच वाटे, हे पोरगी काहीतरी लपवून राह्यली."

"दुपारी झोपते कोण वं, वड्या टाकून?"

दोघी एकमतानं माझ्यावर तुटून पडल्या. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. मध्ये मध्ये वड्या खात होत्या आणि कच्च कच्च वाजत होतं. मला उठायचं होतं, पण दोघींचे गुडघे वर होते, वाटच नव्हती. शिव्या खाता खाता मला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. माझा नवरा खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरून हसत होता. त्याला मी घरी गेल्यावर बघून घेतलं.

सूर्य बुडाला तरी दोघी उठल्या नाहीत. मला मात्र स्टुलासकट हाकलून दिलं. आता मध्ये कुणी बसायची गरज नव्हती. तो दिवस आणि पुढचा दिवस, दोन संध्याकाळी. चौदा वर्षांचं दोन संध्याकाळींत बसवायचं होतं. दोघी एकदमच बोलायच्या, त्यामुळे थोडं बसलं असावं. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी गाडीत बसल्या. सासूबाईंनी वड्यांचा डबा दिला. निरोपाचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "डबा वापस कर." गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या, मग घरात येऊन माझ्यावर कारण नसताना ओरडल्या. मी ओरडू दिलं.

त्यानंतर वर्षभर मावशींचा फोन यायचा. फोन नेहमी त्यांचाच. सासूबाईंनी स्वतःहून कधी लावला नाही. मी म्हटलं की लावू का, तर म्हणायच्या, "ती लावन ना. तिले काम काय हाये तिथी?" खोड जाते का?

यंदा नदीनं पुन्हा जागा बदलली. पाणी काळ्या खडकासमोर परत आलं आणि गाव चारशे पावलं परत आलं. माझा नवरा आता एकच खुर्ची नेतो. इतकी वर्षं दोन्ही खांद्यांवर वजन घ्यायची सवय, त्यामुळे एका बाजूला कलून चालतो. स्टुलावर मी बसते, सासूबाईंच्या उजवीकडे. आमच्या पलीकडे हातभर पाणी रिकामं असतं, आणि गर्दी असूनही तिथे कुणी खुर्ची टाकत नाही.

मागच्या आठवड्यात मावशींच्या मुलाच्या हाताखालचा एक माणूस इथे जवळच आरमोरीला काही कामानं आला होता. त्याच्याबरोबर मावशींनी डबा परत पाठवला. तोच स्टीलचा. रिकामा डबा परत करायची पद्धत आमच्याकडे नाही, त्यामुळे आत वड्या होत्या. मावशींनी तिथे लाखोळीची डाळ मागवून, गच्चीवर, समुद्राच्या वाऱ्यात घातलेल्या. तळून पाठवल्या होत्या.

सासूबाईंनी डबा घरी उघडला नाही. संध्याकाळी नदीवर आणला, पाय पाण्यात सोडले आणि मग उघडला. एक वडी खाल्ली. चावून थांबल्या. पुन्हा चावलं. दुसरी घेतली. तिसरी. मी बघत होते. त्या एखाद्या गोष्टीची वाट बघत होत्या आणि ती येत नव्हती. शेवटची वडी संपल्यावर त्या रिकाम्या डब्यात बघत म्हणाल्या, "रेतीच नाई वं."

"चांगलं आहे की, आई."

"काय चांगलं हाये? तिले तिथी गमत नसन." मग हात पुढे केला. "फोन लाव."

मी लावला. रिंग वाजली आणि सवयीनं मी मान वळवली, सांगायला तयार. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. मावशी हॅलो म्हणायच्या आधीच बोलल्या, "वड्या भेटल्या. रेती काऊन नाई वं त्याच्यात?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. पाण्यात पायाची बोटं हलवत होत्या.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "थोडीशी पाठवून देतो."

आणि रिकामा डबा माझ्या हातात देऊन त्यांनी बोटानं खाली, पाण्यातल्या रेतीकडे दाखवलं.